गांडुळांना संत्री

मी एकदा गांडुळांना संत्री खाऊ घातली. टोपल्याच्या टोपल्या, आणि मोठ्या हौसेनं.

तेव्हा मी सौंसरला नवी सून होते आणि छिंदवाड्याहून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. नवी सून आणि वर बी.एस्सी., म्हणजे किती शहाणी असेन ते ओळखा. अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीला कणा नसलेल्या प्राण्यांचा विषय निघाला की माझी जीभ थांबत नसे. कणीक मळता मळता सासूबाईंना सांगायची, गांडूळ म्हणजे नळीत नळी. बाहेरची अंगाची, आतली अन्नाची, मधल्या पोकळीत पाणी. हाड एकही नाही, त्या पाण्याच्या जोरावरच ते ताठ होतं. फुप्फुसं नाहीत, ओल्या कातडीनंच श्वास. त्या "हो का वं" म्हणत भाकरी थापायच्या. माझी नात हेच धडे आता मोबाईलवर बोटानं गांडूळ उघडून शिकते. चित्रातलं गांडूळ मरत नाही, म्हणून तिच्यासाठी हे लिहून ठेवतेय.

सासूबाईंनी परसात गांडूळखताचं टाकं बांधून घेतलं होतं. रामाकोन्याच्या माहेरून बसमध्ये मांडीवर ओलं पोतं घेऊन त्यांनी गांडुळं आणली. कंडक्टरनं विचारलं तर कोथिंबीर म्हणून सांगितलं. सासऱ्यांचा यावर विश्वास नव्हता. खत निघालं तर बगीच्यातली विहिरीकडची संत्र्यांची ओळ तुझी, तुझ्या मनासारखी कर. नाही निघालं तर टाकं म्हशीला पाणी प्यायला, असं त्यांनी सासूबाईंना कबूल केलं होतं. लग्न होऊन आल्यापासून त्या बाईनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

मग त्या भाच्याच्या लग्नाला माहेरी गेल्या. शेण टाकजो, पालापाचोळा टाकजो, पाणी शिंपडजो, बाकी तुले तं सारंच माहीत हाय, असं सांगून गेल्या.

संत्र्याचा तोडा, म्हणजे फळं उतरवणं, चालू होतं. व्यापाऱ्यानं नाकारलेली डागी, फुटकी फळं परसात ढीग लागून पडली होती. पुस्तकात लिहिलं होतं, गांडूळ कुजकं खातं. हे तर कुजूनच राहिलं होतं. मग बिचाऱ्यांना नुसत्या शेणावर का ठेवायचं? जावयाला ताट वाढावं तसं मी टाकं काठोकाठ भरलं, पायानं दाबलं आणि वर पोतं झाकलं.

सकाळी पोतं उचललं तर आतून वाफ आणि आंबट भपकारा. गांडुळं भिंतीवर होती, काठावर होती, परसभर पसरली होती. आंबटानं कातडी भाजलेली, आणि कातडी हेच त्यांचं नाक. मी वरणाच्या पळीनं गोळा करू लागले. उचलावं तर धरायला हाड नाही, आतल्या पाण्याचा जोरही गेलेला; पळीवरून ओल्या सुतळीसारखी ओघळायची. ओल्या पोत्यावर ठेवली, गार पाणी शिंपडलं, शेण पांघरलं. संत्री उपसली तर तळाशी आणखी ओंजळभर निघाली, मऊ, न हलणारी. इतक्यात शेजारच्या कोंबड्या कुंपणातून आल्या. एका हातानं कोंबड्या हाकलायच्या, दुसऱ्या हातात पळी, आणि तोंडानं, देवाशपथ, मी पुटपुटत होते: वलयांकित प्राणी, कातडीवाटे श्वसन. जणू परीक्षक ऐकतोय, त्यानं मार्क दिले की ती उठून चालू लागतील.

दुपारी सासरे जेवायला आले. टाक्यात वाकून पाहिलं. जेवण झाल्यावर त्यांनी टाकं धुतलं आणि त्यात पाईप सोडला. थांबा म्हणायला माझी ती न थांबणारी जीभ उचललीच नाही.

संध्याकाळच्या बसनं सासूबाई आल्या, हातात लग्नातल्या लाडवांची पिशवी. म्हशीचं तोंड टाक्यात होतं. त्या पोत्यापाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक गांडूळ बोटानं हलवून पाहू लागल्या. एकही हललं नाही. मी रडत रडत सगळं सांगितलं. संत्री, वाफ, आंबट, आणि त्यांना फुप्फुसं नसतात तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, कातडीचं ते तुले आधीपासूनच माहीत होतं का. मी म्हटलं, हो आत्याबाई, मीच तर तुम्हाला सांगितलं होतं.

त्यांनी लाडवांची पिशवी खाली ठेवली.

"तुले माहीत नसतं, तं शिव्या देल्या असत्या वं. आता काय देऊ?"