पाखरं चिमटणारी देओलिंदा

देओलिंदा फुर्तादोची पांढरी गाडी गल्लीत शिरली की ओसोयूस गावातल्या बायका आधी अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाकडे नजर टाकत आणि मग दार उघडत. बाई म्हणून ती कुणाला नकोशी नव्हती. बोलायला मोकळी, हसायला मोठी, कुणाच्या आजारपणात सूप घेऊन पहिली हजर. पण हातात वही आली की तिला सख्खं कुणी उरत नसे.

काम तिचं असं होतं. सफरचंदात अंडी घालणारं एक करडं पाखरू या खोऱ्यात माजलं होतं, नखाएवढं, कोडलिंग नावाचं. त्याची अळी फळाच्या गाभ्यापर्यंत बोगदा काढते. औषधं मारून मारून लोक थकले, तेव्हा खोऱ्याने उलटाच उद्योग मांडला. हीच पाखरं कारखान्यात लाखांनी वाढवायची, किरण देऊन वांझ करायची आणि दर आठवड्याला बागांमधून सोडून द्यायची. रानटी पाखराने अशा वांझ पाखराशी संसार थाटला की अंडी फुकट. ओळख पटावी म्हणून कारखान्यातल्या अळ्यांना लाल रंग घातलेला खाऊ देत, त्यामुळे ती पाखरं आतून गुलाबी निघत. देओलिंदाने बागोबाग फिरून मादीच्या वासाने नरांना ओढणारे कामगंध सापळे उघडायचे आणि आत चिकटलेलं एकेक पाखरू दोन बोटांत चिमटायचं. गुलाबी निघालं तर आपलं. मातकट निघालं तर रानटी, आणि मग कुणाची तरी खैर नाही.

अकरा वर्षं ती चिमटत होती. उन्हाळाभर तिचा अंगठा गुलाबी असे. सापळ्यात नरच अडकत, म्हणून तिचा नवरा जासिंतो पोर्तुगीज मंडळींच्या क्लबात पत्ते पिसता पिसता सांगे, "दिवसभर दोनशे नवरे चिरडून येते. संध्याकाळी मी आपला गप्प बसतो."

तिच्या कडकपणाचे किस्से क्लबात दर आठवड्याला नव्याने रंगत. दोन वर्षांपूर्वी तिची नणंद ओदेत हिच्या झाडावर एका फळात अळी निघाली. दुसऱ्या दिवशी ओदेतच्या नातवाचा बाप्तिस्मा होता, झाडाखाली टेबलं मांडायची ठरली होती. देओलिंदाने शिडी लावली आणि झाडावरचं शेवटचं फळ उतरवूनच खाली आली. पाहुणे बोडक्या झाडाखाली जेवले. त्यानंतर वर्षभर ओदेतने तिला कॉफी दिली ती गारढोण.

"नियम माझ्या सासूलाही तोच," देओलिंदा म्हणे, "आणि सासू गेली म्हणून ती सुटली."

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी तिच्याच गल्लीच्या तोंडाशी, बलबीर धालीवालच्या बागेच्या कडेला टांगलेल्या सापळ्यात दोन मातकट पाखरं निघाली. पुढच्या आठवड्यात तीन. तिने ती पुन्हा पुन्हा चिमटली, उन्हात धरून पाहिली. गुलाबीचा मागमूस नव्हता. नियम स्पष्ट होता. बागेत बलबीर औषध मारणार, आणि सापळ्यापासून दीडशे पावलांत ज्या घरामागे सफरचंद असेल तिथली फळं दहा दिवसांत उतरवायची. दीडशे पावलांत फळ धरलेलं झाड एकच होतं. ते आर्मिंदोकाकांचं.

आर्मिंदो सरामागो चौऱ्याऐंशी वर्षांचे. पोर्तुगालमधल्या आपल्या गावच्या ब्राव्हो जातीच्या सफरचंदाची काडी त्यांनी सात वर्षांपूर्वी इथल्या बुंध्यावर कलम केली होती. काडी आली कशी, हे देओलिंदाने एकदा विचारलं होतं, तेव्हा काकांना अचानक ऐकू येईनासं झालं होतं. सात वर्षं झाडाने नुसती पानं दिली. या वसंतात पहिल्यांदा फळ धरलं, एकोणीस नग. काका रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती मोजत. गावाकडे हे सफरचंद कपड्यांच्या कपाटात ठेवत आणि कपडे महिनोन्महिने दरवळत, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. येणाऱ्याजाणाऱ्याला ते पाठ झालं होतं.

देओलिंदा नोटीस घेऊन गेली तेव्हा ते झाडाखालीच बसले होते.

"काका, बसा, उठू नका. कागद आहे."

"बसलोच आहे मी. वाच."

तिने वाचली. काकांनी शांतपणे ऐकली आणि मग काठी झाडाकडे रोखली.

"गेल्या वर्षी याला फळ होतं का?"

"नव्हतं."

"फळ नव्हतं तर अळी कुठे वाढली? अळी नाही तर हे पाखरू कुठून आलं? ज्या बाईला मूलच झालं नाही तिच्या दारात तू नातवंडांची तक्रार घेऊन आलीस, पोरी."

म्हातारा बरोबर बोलत होता. मे महिन्यात उडणारं पाखरू गेल्या वर्षीच्या अळीचं असतं. ती अळी हिवाळाभर सालीखाली कोष करून झोपलेली असते. हे तिनेच शाळांमधून जाऊन मुलांना अकरा वर्षं शिकवलं होतं.

"नियमात झाडाचं वय लिहिलेलं नाही, काका. पाखरं आली कुठून ते सापडलं आणि ती जागा साफ झाली, तर नोटीस मागे घेता येते. नाहीतर पुढच्या बुधवारी मला शिडी आणावी लागेल."

"मग शोध की. आणि नाही सापडलं तर बुधवारी ये. शिडी माझी घे, तुझी डुगडुगते."

ते हसत होते, पण तिच्या देखतच पुन्हा फळं मोजायला लागले. देओलिंदाने ते पाहिलं आणि गाडीत बसून स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

पुढचे सहा दिवस तिने गल्ली पिंजून काढली. बलबीरच्या शेडमधली जुनी लाकडी खोकी उलटीपालटी केली. "बहनजी, आता माझ्या पगडीत पण बघा," बलबीर म्हणाला. ओदेतच्या अंगणात गेली, तर ओदेत दारात हात बांधून उभीच राहिली. "ये ये. आधी फळं नेलीस, मग झाडही उपटायला लावलंस, आता मुळं बघायला आलीस का?" कालव्याच्या कडेला कुणी टाकलेल्या गाभ्यातून उगवलेलं रानटी झाड असेल म्हणून ती काटेरी झुडपांतून रांगली आणि ओरखडे घेऊन परत आली. कुठेही काही नाही. म्हाताऱ्याने सात वर्षं वाट पाहिली होती आणि आणखी एक वर्ष त्याच्याकडे आहे की नाही, हे तिला विचारवत नव्हतं.

रविवारी दुपारी जासिंतोने अंगणात सार्डिन मासे भाजायला घेतले. "दोन ओंडके आण गं मागून, बारीक बघून," तो म्हणाला.

घरामागे धुरीच्या खोलीला लागून ओंडक्यांची थप्पी होती. सफरचंदाचं लाकूड. त्याच्या धुरावर जासिंतो हिवाळ्यात शोरिसू सॉसेज टांगायचा, आणि तसलं सॉसेज अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नसे. देओलिंदाने वरचा ओंडका उचलला. साल सुटून तिच्या हातात आली. सालीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या धाग्यांचे कोष चिकटले होते, ओळीने, बहुतेक रिकामे. एका कोषाशी एक पाखरू पंख वाळवत बसलं होतं.

तिने ते चिमटलं. मातकट.

ती तिथेच, ओंडक्यांसमोर, खाली बसली. लाकूड कुठलं हे तिला नवऱ्याला विचारायची गरज नव्हती. तळ्यापलीकडची एक बेवारशी बाग ऑक्टोबरात तिनेच किडकी ठरवली होती आणि तिनेच तोडायला लावली होती. लाकूड जागीच जाळायचं, बाहेर न्यायचं नाही, असा हुकूम तिच्याच अक्षरात होता. आणि तोडणी चालू असताना, एवढं सोन्यासारखं लाकूड राख व्हायचं म्हणून जीव हळहळून, तिनेच जासिंतोला फोन केला होता की ट्रक घेऊन ये. नियम लोकांच्या लाकडासाठी असतो, आपल्या नाही, असं काही तिने तेव्हा मनात म्हटलंही नव्हतं. विचारच आला नव्हता. तिला स्वतःचा इतका राग आला की कान तापले.

जासिंतो चिमटा हातात घेऊन आला, साल पाहिली, आणि त्याला समजलं.

"कुणी बघितलंय का?"

"मी बघितलंय."

"अगं, उद्या पहाटे मी सगळं उचलून टाकून येतो. पाखरं बंद होतील. तुझं नाक शाबूत, विषय संपला."

"आणि नोटीस? जागा नोंदवली नाही तर नोटीस तशीच राहते. बुधवारी शिडी लावायची मी, काकांची फळं काढायची मी, आणि ती आपल्या सॉसेजपायी."

"नोकरी जाईल तुझी."

"गेली तर गेली. तुझे सार्डिन जळतायत."

तिने वरिष्ठ बाईंना, शॅननला, घरी फोन लावला. सापडलेलं सगळं तिने सांगितलं. मग शॅननने विचारलं, "पत्ता काय लिहू?" देओलिंदाने स्वतःचा पत्ता सांगितला. शॅननने तो पुन्हा एकदा सांगायला लावला. उद्याच यंत्र पाठवते, लाकडाचा भुसा करू, असं म्हणाली, काकांची नोटीस रद्द धर असंही म्हणाली, आणि नोकरीचं काय ते नंतर बोलू म्हणाली, पण आवाजात हसू होतं.

देओलिंदाने वही काढली, आपल्या नावाची नोटीस लिहिली आणि आपल्याच दाराला चिकटवली. अर्ध्या तासात ओदेत हजर. चष्मा लावून तिने नोटीस वाचली, मग मोठ्याने वाचली, मग शेजारणीला बोलावून आणखी एकदा.

"अक्षर सुंदर आहे," ओदेत म्हणाली. "उद्या ओंडके उचलायला मी येते. हे बघायला मिळणार असेल तर पोरांनाही आणते."

काकांकडे जायला देओलिंदाला सगळ्यांत जड गेलं. ते झाडाखालीच होते. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, काही न झाकता. लाकूड, ट्रक, कोष, सगळं. काकांनी मान डोलावली, जणू कुणी उद्याचं हवामान सांगत होतं.

"हं. सापडलं एकदाचं."

देओलिंदा बघतच राहिली. "म्हणजे? तुम्हाला ठाऊक होतं?"

"हिवाळाभर तुझ्या घरचं सॉसेज खाल्लं मी. सफरचंदाचा धूर मला कळणार नाही? पहिल्या घासाला कळलं. पाखरं निघाली म्हणालीस तेव्हा उरलेलं कळलं."

"मग बोलला का नाहीत? बुधवारी मी ही सगळी फळं काढली असती, काका. एकूणएक."

"काढली असतीस." काकांनी झाडाकडे बघितलं. "मी वर कळवलं असतं तर तू माझ्यामुळे पकडली गेली असतीस. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, पोरी. आणि तुला तोंडावर सांगितलं असतं, तर लपवायचं की नाही ते ठरवणं तुझ्या माथी आलं असतं, माझ्या देखत. मग आपण दोघं त्या कुंपणावरून एकमेकांशी बोलणार कसे? या वयात मी नवा शेजार कुठून आणू?"

देओलिंदाला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही. काकांनी तिला रडू दिलं. मग सरकून बाकावर जागा केली, कपातला उरलेला चहा तिच्यापुढे धरला, आणि म्हणाले, "आलीच आहेस तर मोजून दे. सकाळपासून मला अठराच दिसतायत."

तिने डोळे पुसले आणि मान वर करून मोजायला घेतलं.