बिद्रीची तिरकी पाटी

आमच्या गल्लीच्या तोंडाला बादशहा चाचांचं रेडियमचं दुकान आहे. मोटारसायकलींवर 'आईचा आशीर्वाद' चिकटवून त्यांचं घर चालतं, पण जीव सगळा खेळण्यातल्या एसटीत. हौशी लोकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. ही मंडळी सनबोर्डच्या हलक्या पुठ्ठ्यातून हातभर एसट्या करतात. त्यांच्या काचेवरच्या पाट्या, डेपोची नावं, 'महिलांसाठी राखीव', हे सगळं चाचा उरलेल्या रेडियममधून कापतात आणि पाकिटात घालून फुकट पाठवतात. अट एकच, लावल्यावर ग्रुपवर फोटो टाकायचा.

चाचांना तिरकं काही सोसत नाही. एकदा सिग्नलला त्यांनी पुढच्या मोटारसायकलची नंबरप्लेट वाकून हातानं सरळ केली. मालक वर बसलेला.

"काय करतासा पावणं?" तो म्हणाला.

"तुमचंच काम करतोय की," चाचा म्हणाले.

मागच्या महिन्यात हातकणंगल्याच्या अण्णासो नावाच्या सभासदानं आपल्या एसटीचा फोटो टाकला. गाडी देखणी, पण 'बिद्री' ही पाटी डावीकडं उतरलेली. खाली पुण्याच्या राजवीरनं विचारलं, 'चाचा, या वेळी कटिंग तिरकं गेलं का?'

झालं. चाचांनी दुकानाचं शटर ओढलं. हेअर ड्रायर आणि चिमटा पिशवीत घालून ते माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन उभे राहिले.

"अतुल, गाडी काढ. गरम केलं की निघतंय ते. सरळ लावून नवा फोटो टाकायचा. तीस वर्साचं नाव हाय माझं."

दोन इंचाच्या पाटीसाठी वीस-बावीस किलोमीटर! मी मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि किक मारली.

अण्णासो निवृत्त एसटी ड्रायव्हर निघाले. त्यांच्या बायकोनं, मीनाबाईंनी, चहा आणला. आमचे कप भरलेले, अण्णासोंचा अर्धाच. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, तरी थरथरून बशीत सांडलाच. चाचांचा हात पिशवीतच थांबला.

"पाच दिस लागलं ती पाटी लावाय," मीनाबाई म्हणाल्या. "मला हात लावू दिला न्हाई."

अण्णासो ओशाळले. "कटिंग तुमचं सरळच हाय. तसं लिवणार हुतो मी. पर मग लोक इचारतील, तिरकं लागलं कसं? सगळ्यांस्नी वाटतंय, ड्रायव्हर माणूस, हात पक्का असणार."

चाचांनी एसटी डोळ्यांजवळ नेली. ती पाटी उचकटायला त्यांची बोटं किती वळवळत होती ते मला दिसत होतं. पण त्यांनी गाडी हळूच टेबलावर ठेवली, पिशवीला गाठ मारली आणि मोबाईल काढून एका बोटानं ग्रुपवर लिहिलं, 'कटिंग माझंच तिरकं गेलंय. चष्म्याचा नंबर वाढलाय.'

आणि त्या मेल्या राजवीरचं लगेच उत्तर, 'चालायचंच चाचा, वय झालं आता.'

चाचांचे कान लाल झाले. त्यांनी मोबाईल पालथा ठेवला आणि अण्णासोंना विचारलं, "पुढची गाडी कुठली करताय?"

"गारगोटी," अण्णासो म्हणाले.

"पाटी जरा मोठी कापतो," चाचा म्हणाले. "धराय बरी पडंल."