पोस्टडॉकवालीचा नवरा

आमची दोघांची पहिली भेट तिच्या काकांच्या घरी झाली, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात. पोहे झाले, चहा झाला, वडीलधारी मंडळी उठून अंगणात जाऊन बसली. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तिनेच मुद्द्याला हात घातला. म्हणाली, "माझी पीएचडी संपत आलीय. त्यानंतर मला पोस्टडॉक करायचंय. बाहेर जावं लागेल, बहुतेक देशाबाहेरच. चालणार नसेल तर आत्ताच सांगा, मला राग येणार नाही."

मी चालेल म्हणालो. पोस्टडॉक म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. माझं शिक्षण बीकॉम, आणि शाहूपुरीत वडिलांनी सुरू केलेलं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. मला वाटलं, असेल एखादा कोर्स, उन्हाळ्यात जाऊन येईल महिनाभर. खरं तर त्या दिवशी ती काहीही म्हणाली असती तरी मी चालेलच म्हटलं असतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायची तिची पद्धत मला फार आवडली होती.

लग्नानंतर हळूहळू कळत गेलं. तिचा विषय केमिकल बायॉलॉजी. दिवाळीच्या पाडव्याला तिच्या माहेरी गोठ्यात म्हशींची शिंगं रंगवत बसलो होतो, तेव्हा तिने तो मला समजावून सांगितला. पेशीत हजारो प्रथिनं असतात, सगळी दाटीवाटीनं. त्यातलं आपल्याला हवं ते एकच कुठं जातं, काय करतं, हे बघायचं असेल तर त्या एकट्याच्या शिंगांना रंग लावायचा, म्हणजे कळपातही ते ओळखू येतं. हा रंग म्हणजे एक छोटासा रेणू, आणि असे रेणू ती प्रयोगशाळेत तयार करायची.

"पण रंग लावताना म्हैस बुजता कामा नये," ती म्हणाली. "सगळी मेहनत त्यातच आहे."

तिच्या विषयातलं मला तेवढंच कळतं, पण तेवढं पक्कं कळतं.

आणि पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं करायची संशोधनाची नोकरी. पगार मिळतो, पण नोकरी कायमची नसते. वडील गेल्यापासून घरी मी आणि आई दोघंच होतो, तिसरी ही आली. मी आईला हे सगळं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हंजे उमेदवारीच की. मग करू दे."

पीएचडी झाली, नावामागं डॉक्टर लागलं, आणि खरी पायपीट त्यानंतर सुरू झाली. दिवसा ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि उरलेल्या वेळात जाहिराती शोधायची. कुठल्याही प्राध्यापकाला मेल लिहायच्या आधी ती त्यांचे शोधनिबंध वाचून काढायची, मगच त्यांच्या कामाशी आपलं काम कुठं जुळतं ते लिहायची. एकच मजकूर सगळ्यांना पाठवणं तिला पटायचं नाही. इतकं करून बहुतेकांचं उत्तर यायचंच नाही. ज्यांचं यायचं ते म्हणायचे, सध्या निधी नाही, स्वतःची फेलोशिप मिळवून या. फेलोशिप देणारे म्हणायचे, आधी कुठली प्रयोगशाळा घेतेय ते दाखवा. मी म्हटलं, हे आमच्या धंद्यासारखंच झालं. गिऱ्हाईक म्हणतंय आधी माल दाखवा, कंपनी म्हणतेय आधी पैसे भरा. ती हसली, पण त्या हसण्यात जोर नव्हता. पीएचडी होऊन फार वर्षं उलटली की बऱ्याच फेलोशिपांचे दरवाजे बंद होतात, आणि ते दिवस तिच्या डोळ्यांसमोर सरत होते.

सकाळी चहा घेताना ती फोन बघायची. नकार आला की कप खाली ठेवायची आणि उठून केस विंचरायला लागायची. मी काही विचारायचो नाही. आई मात्र विचारायची, आणि नाही म्हणून कळलं की त्या लोकांना दोन शब्द सुनवायची, अर्थात स्वयंपाकघरातून. शेजारच्या बायका गोड बातमी कधी म्हणून खोदून विचारायच्या, त्यांनाही आई परस्पर वाटेला लावायची. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

मग नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेनं मुलाखतीला बोलावलं. मुलाखत फोनवरच, म्हणजे व्हिडिओवर; तिकडे सकाळ, आपल्याकडे दुपार. नेमकी त्या दिवशी आमच्या भागातली लाईट दुरुस्तीसाठी जाणार होती. दुकानात इन्व्हर्टर होता, नेटही चांगलं होतं. म्हणून मुलाखत दुकानाच्या माळ्यावरून द्यायची ठरली. मी सकाळीच बेल्ट आणि बेअरिंगची खोकी एका कडेला रचली, मागं एक स्वच्छ चादर टांगली. ती जाकीट घालून लोखंडी शिडीनं वर गेली. मी शटर अर्धं ओढलं आणि खाली पहारा देत बसलो.

थोड्या वेळानं शटरखालून वाकून एक शेतकरी आत आले. बिद्रीकडचे, आवाज पहाडासारखा. पंपाचं सील गेलंय म्हणून सांगायला लागले. मी तोंडावर बोट ठेवलं आणि वर माळ्याकडं दाखवलं. बायकोची परीक्षा चाललीय, परदेशातले लोक घ्यायला लागलेत, असं कुजबुजत सांगितलं. ते लगेच स्टुलावर बसले आणि माझ्यापेक्षा हळू आवाजात म्हणाले, "मग हू दे की निवांत. पाणी काय पळून जात न्हाय."

आम्ही दोघं तिथं गप्प बसून राहिलो. वरून तिचा इंग्रजी आवाज येत होता, आधी भरभर, मग सावकाश. एका ठिकाणी ती थांबली. बराच वेळ काहीच ऐकू येईना. त्या पाहुण्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. मग ती पुन्हा बोलायला लागली.

ती खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. पाहुण्यांनी उठून विचारलं, "कसा गेला पेपर, बाई?" तिने अनोळखी माणसालाही खरं ते सांगितलं. "एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, म्हणून येत नाही असंच सांगितलं, आणि ते शोधायचं झालं तर कुठला प्रयोग करून बघेन तेवढं बोलले."

ते म्हणाले, "खोटं न्हाय बोलला न्हवं? मग घेत्यात."

सील घेऊन ते गेले. ती स्टुलावर बसली आणि आपल्याला ती जागा मिळणार नाही, हे मला प्राध्यापकाच्या थाटात समजावून सांगायला लागली.

जागा मिळाली. मेल आला तेव्हा ती कॉलेजात होती. तिने फोन केला आणि नुसतं "अहो, मिळाली" म्हणाली. मी शेजारच्या दुकानांतून पेढे वाटले. सगळे विचारायचे, मुलगा की मुलगी. मी सांगायचो, हॉलंड. दुपारी गर्दी ओसरल्यावर मात्र ती आता खरंच जाणार, हे माझ्या ध्यानात आलं. होकार देऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि त्याचा अर्थ त्या दुपारी कळत होता. गिऱ्हाइकानं वॉशर मागितला, मी त्याला व्हॉल्व्ह काढून दिला.

रात्री घरी आलो. जेवताना ती म्हणाली, नाही गेले तरी चालेल. कॉलेजात पुढंमागं कायम करतील, इथंच काहीतरी होईल. मी तिच्याकडं बघत राहिलो. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. इतके दिवस सकाळी चहाचा कप खाली ठेवणारी बाई मी बघत आलो होतो.

मी म्हणालो, "मला तू इथं हवी आहेस. पण हे सोडून राहिलेली नको."

मग आईनं तिच्या ताटात भाकरी वाढली आणि विचारलं, "तिथं तुला बरं न्हाय वाटलं तर कोण बघतंय?" ती म्हणाली, प्रयोगशाळेतली माणसं असतील. "मग त्यातल्या एकीचा नंबर घेऊन दे मला. बाकी ह्याला बघाय मी हाय की," आई म्हणाली. एवढ्यावर विषय संपला.

ती गेली. पहिले काही महिने वाईट गेले, दोन्हीकडं. तिचा रेणू काही केल्या प्रथिनावर नीट बसेना, आणि तिकडच्या हिवाळ्यात दुपारीच अंधार व्हायचा. आईला तिने खरंच एका पोर्तुगीज मैत्रिणीचा नंबर दिला होता. एकदा हिला ताप आला आणि दिवसभर फोन लागेना, तेव्हा आईनं माझ्याकडून तो नंबर लावून घेतला आणि मराठीत बोलली. समोरचीनं काय समजून घेतलं कुणास ठाऊक, पण संध्याकाळी ती सूप घेऊन हिच्या दारात उभी होती. त्यानंतर त्या दोघी अधूनमधून व्हिडिओवर एकमेकींना बघून हात करायच्या.

दुसऱ्या वर्षी मी दुकान कामगारांवर सोपवून तिच्याकडं राहून आलो. सायकल चालवायला पुन्हा शिकलो आणि पावसात दोनदा पडलो. तिच्या प्रयोगशाळेत मी कोण म्हणून लोकांनी विचारलं, तेव्हा तिने ओळख करून दिली ती माझ्या दुकानासकट. तिच्या प्राध्यापिकेनं मला पंपांविषयी बरंच विचारलं. त्यांच्याकडचा एक व्हॅक्यूम पंप आवाज करत होता. तो काही मला दुरुस्त करता आला नाही.

तिथली मुदत संपली, आणि परत आल्यावर वर्षभर पुन्हा अर्जांची तीच धामधूम झाली. आता ती पुण्यात एका संशोधन संस्थेत आहे, हाताखाली दोन विद्यार्थी आहेत. मी दुकानामुळं इथं, ती तिथं. शनिवारी ती येते. सीबीएसला, म्हणजे एसटी स्टँडवर, मी गाडी घेऊन उभा असतो. घरापर्यंत ती आठवड्याभरातल्या फसलेल्या प्रयोगांविषयी बोलत असते, मी हूं हूं करत चालवतो. रविवारी दुपारी आम्ही तिघं एकत्र जेवतो. भात खाताखाताच तिचे डोळे मिटायला लागतात. आई तिच्या पुढ्यातलं ताट हळूच उचलते आणि मला पंखा वाढवायला सांगते.