गंजीच्या खिशातली साखर

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोला नाही, पोरांना नाही. देवीसमोर तर नाहीच — तिच्यासमोर मी उलटंच बोललो, ते पुढं येईल. तुला सांगतोय. तू मला ओळखत नसशील, आणि ओळखत असलास तरी हरकत नाही. मी कुणाच्या बापाला भीत नाही. मग पाच वर्षं गप्प का बसलो? — तेच तर सांगायचं आहे.

माझं शिक्षण चौथी. चौथीसुद्धा धड नाही, मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेलं. पण अलोऱ्याला प्रकल्पाच्या कामावर मी शंभर माणूस हाताखाली चालवलेला आहे. गावात मला सगळे मुकादम म्हणतात. माझा शब्द गावकीत आजही खाली पडत नाही. हे मी फुशारकीनं सांगतोय असं वाटेल. वाटू दे. ही फुशारकी समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

तर मी जाडा होतो. थोडाथोडका नाही, एकशे दोन किलो. आमच्याकडं सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात, आणि मधे पाहुणा आला तर त्याच्याबरोबर घावन. घरचा तांदूळ, मोजणार कोण? पोट वाढत गेलं. लुंगीची गाठ दिसेनाशी झाली. एका लग्नात पंगतीला मला मांडी घालता येईना, तर यजमानानं माझ्यासाठी वेगळं टेबल लावलंन. सगळी पंगत खाली, आणि मी एकटा वर — मूर्तीसारखा. धोंडू माझ्याकडं बघून म्हणाला, "मुकादमा, तुझी आरती करू काय?" सगळे हसले. धोंडूचं पोटही माझ्यासारखंच होतं, त्यालाही खाली बसताना दोघांनी धरावं लागलं होतं. पण टेबल मला आलं.

धोंडू म्हणजे माझा लहानपणापासूनचा दोस्त. आमची घरं एका गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, दोन बाजूंना. त्यालाही साखर, मलाही साखर. सरकारी दवाखान्यातून दोघांच्या गोळ्या मी एकाच पिशवीतून आणायचो. हे लक्षात ठेव.

त्या टेबलाच्या रागानं मी सुनेला म्हटलं, चल, दाखव तुझ्या डॉक्टरला. सून — सुरेखा — वर्षभर मागं लागली होती. तिनं मला सावर्ड्याला नेलंन. डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढी. तिनं भात बंद केलान. भाकरी, चपाती, बटाटा, केळं, आंबा, गूळ, साखर, सगळं बंद. मासे खा म्हणाली, अंडी खा, कोंबडी खा, पालेभाजी खा, खोबरं खा. मी म्हटलं, बाई, मासे भाताशिवाय कशाशी खायचे? म्हणाली, "दातांशी खा, आजोबा."

आवडली मला पोरगी.

पण एक गोष्ट तिनं बोट वर करून सांगितलीन. म्हणाली, तुमची गोळी भात खाणाऱ्या माणसाच्या मापाची आहे. भात सोडलात आणि गोळी तेवढीच ठेवलीत, तर रक्तातली साखर एकदम खाली उतरेल. घाम फुटेल, हात थरथरतील, माणूस बरळेल, पडेल. म्हणून तिनं त्याच दिवशी माझी गोळी अर्धी केलीन. दर आठवड्याला येऊन रक्त दाखवायचं. आणि कधी हात थरथरला तर त्या क्षणी साखर तोंडात टाकायची, तेव्हा पथ्य बघायचं नाही. "आणि आजोबा, हे गावात कुणाला शिकवू नका. ज्याला गोळ्या चालू आहेत त्यानं मनानं करायचं नाही. आधी माझ्याकडं पाठवा."

सुरेखानं घरी आल्यावर माझ्या सगळ्या गंज्यांना आतून खिसा शिवलान, आणि खिशात साखरेची पुडी ठेवलीन. दर आठवड्याला ती मला स्कूटीवर मागं बसवून सावर्ड्याला न्यायची. गावात मी सांगायचो, बाजाराला चाललोय.

का सांगायचो असं? तूच विचार कर ना. शंभर माणसांचा मुकादम — सुनेच्या स्कूटीवर मागं बसतो, पोरसवदा बाईच्या दटावणीनं जेवतो, आणि बनियनमध्ये लहान मुलासारखी साखर घेऊन हिंडतो? हे मी चव्हाट्यावर सांगू?

पहिले चार दिवस डोकं फिरल्यासारखं झालं. समोर बांगड्याचं तिखलं आणि भात नाही! ताटातली ती मोकळी जागा बघवत नव्हती. पण माझा हट्ट जबरा आहे. गणपतीनंतर सुरू केलं, शिमग्यापर्यंत चौऱ्याऐंशीवर आलो. अठरा किलो. तो हट्ट माझाच होता, हे मी आजही ठासून सांगेन. खोटं त्यात नव्हतं. खोटं नंतर आलं.

त्या शिमग्याला मी नऊ वर्षांनी देवीची पालखी खांद्यावर घेतली आणि नाचवली. ढोलाबरोबर बसलो, उठलो, गिरकी घेतली. तरुण पोरं धापा टाकत बाजूला झाली, मी नाही. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर टेकली, माणसं भोवती जमली. मुकादम, पोट कुठं ठेवलंत? मुकादम, औषध काय?

आणि मी बोललो. म्हटलं, औषध कसलं! देवीसमोर नारळ ठेवला आणि भात वाहिला. डॉक्टर कशाला हवा? मन घट्ट हवं.

भात वाहिला म्हणजे काय, ते सांगतो. आमच्यात आपल्या सगळ्यात आवडीची वस्तू देवाला वाहतात. एकदा वाहिली की तिला शिवायचं नाही. शब्द मोडला तर देव बघून घेतो. मी असं काहीएक केलं नव्हतं. सावर्ड्याच्या कागदावर जे लिहिलं होतं ते खाल्लं, एवढंच. पण तोंडातून निघालं, आणि लोकांचे डोळे असे काही मोठे झाले की — मला बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

धोंडू पुढं आला. एके काळी आमच्या गावात पालखी नाचवावी तर धोंडूनं. तो नाचवायचा तेव्हा बायका रडायच्या. पोटामुळं त्याचीही पालखी सुटली होती. तो गुरवाला म्हणाला, घाल माझं गाऱ्हाणं देवीला. पुढच्या शिमग्याला देवीनं एकदा माझ्या खांद्यावर बसावं. तोवर मुकादम जे खात नाय, ते मीपण खाणार नाय. गुरवानं गाऱ्हाणं घातलंन, आणि सगळे म्हणाले, व्हय महाराजा. मीही म्हणालो.

त्याच्या गोळ्या मला ठाऊक होत्या. सकाळी एक, रात्री एक, पुऱ्या. डॉक्टरीणबाईचं वर उचललेलं बोट मला ठाऊक होतं. तिथंच त्याचा हात धरून बाजूला घेता आला असता की नाही? आला असता. एकच वाक्य होतं — धोंडू, आधी सावर्ड्याला चल. पण ते वाक्य बोललो तर आधीचं खोटं उघडं पडतं. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचे तीन आठवडे झाले. रोज गडग्यावरून तो हाक मारायचा — "मुकादमा, लेंगा सैल झाला!" — आणि मी हात वर करायचो. शाबास म्हणायचो.

मग वाडीत एक लग्न आलं. मांडव घालायला आम्ही सगळे जमलो. वासे उभे झाले होते, वर माडाची झापं चढत होती. धोंडू माझ्याशेजारी सुंभानं गाठी मारत होता. हा माणूस डोळे मिटून गाठ मारायचा. त्या दिवशी त्याला गाठ जमेना. सुंभ हातातून सुटायचं. मी बघितलं — बोटं थरथरत होती. कपाळावरून घाम गळत होता, आणि आम्ही तर सावलीत होतो. मला म्हणाला, "मुकादमा, आज काय गोठ्यातली माणसं जेवायला यायचीत?" पोरं हसली. मी नाही हसलो. मला कळलं होतं. सगळ्या मांडवात फक्त मला कळलं होतं.

चहा आला. एका बाईनं त्याच्यापुढं कप धरलान. त्याचा हात कपाकडं गेला, मग मागं आला. म्हणाला, साखरेचा नको, शब्द दिलाय.

माझा हात छातीवर गेला. शर्टावरून पुडी बोटाला लागत होती. नुसती बटणं सोडायची आणि काढायची. पण भोवती वीस माणसं. भात वाहिलेल्या, मन घट्ट असलेल्या मुकादमाच्या बनियनमधून साखरेची पुडी निघाली असती. तो चहा तरी मी त्याला पाजायचा होता ना? "पी रे, देवीला मी सांगतो" एवढं म्हटलं असतं तर तो प्यायला असता. माझं त्यानं कधी मोडलं नव्हतं. पण मुकादम शब्द मोडायला सांगतो, असं झालं असतं.

मी म्हटलं, उकाडा आहे, बस जरा.

अर्धा तास तो बसला. अर्धा तास मी झापं बांधली. सगळ्या गाठी नीट मारल्या. मग तो उठला, घरी जातो म्हणाला, आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवरून खाली गेला. गेला म्हणजे पडला. आवाज मी ऐकला.

माणसं धावली. कुणी रिक्षाला गेला, कुणी पाण्याला, कुणी त्याच्या बायकोला — पार्वती वहिनीला — बोलवायला. मी त्याच्याजवळ राहिलो. सगळ्यांची पाठ झाली तेव्हा मी पुडी काढली. तेव्हा. साखर बोटावर घेऊन त्याच्या हिरडीला चोळली, परत चोळली. रिक्षा येईपर्यंत त्यानं डोळे उघडले होते. लोक म्हणाले, बघा, मुकादमानं हाक मारली आणि उठला.

त्याचा खुबा मोडला होता. इस्पितळात डॉक्टर ओरडले — गोळ्या पुऱ्या आणि पोटात काही नाही, हे सांगितलं कुणी याला? घरात कुणाचं लक्ष नाही? पार्वती वहिनी खाली मान घालून उभी राहिली. मी तिच्याशेजारीच होतो. माझी मान वर होती. डॉक्टरांनी तिला इतकं बोलून घेतलं, आणि बाहेर आल्यावर ती मलाच म्हणाली, "भावोजी, तुमी होतात म्हणून वाचले."

मी काय म्हटलं असेल? — चहा घे, म्हटलं.

दोन महिन्यांनी धोंडूला खुर्चीत बसवून देवळात आणलं. त्यानं कोंबडा आणि नारळ आणला होता. त्याचं म्हणणं असं की चूक त्याची. चहाचा कप आला तेव्हा त्याचं मन गोडावर गेलं, हात पुढं झाला, म्हणून देवीनं पाडलान. शुद्धीवर आलो तेव्हा जीभ गोड लागत होती, म्हणाला, मनातलं पाप तोंडात आलं होतं. गुरवानं गाऱ्हाणं घातलंन — ह्या लेकराची चूकभूल झाली असेल ती पोटात घे. सगळे म्हणाले, व्हय महाराजा.

मीही म्हणालो. माझा आवाज मोठा आहे. सगळ्यांच्या वर ऐकू गेला.

डॉक्टरीणबाईकडं धोंडूला नंतर मीच पाठवला, सुरेखाकरवी. आता त्याच्या गोळ्या मापात आहेत, थोडा भात खातो, बरा आहे. पण काठीशिवाय उठत नाही. पालखीचं तर बोलायलाच नको. हे सांगतो ते माझी बाजू उजळ करायला नाही. ती होत नाही, मला कळतं. सुरेखालाही काहीतरी कळलं असावं. धोंडू पडला त्या दिवशी गंजी धुताना तिला खिसा रिकामा सापडला. दुसऱ्या दिवशी नवी पुडी भरलेली होती.

यंदा शिमग्यात पालखी धोंडूच्या अंगणात आली. तो खुर्चीत बसला होता, मांडीवर आडवी काठी. वहिनीनं ओटी भरलीन. पोरं पालखी नाचवायला लागली तसा तो ओरडला, "अरे थांबा मेल्यांनो, मुकादमाला पुढं द्या! मन घट्ट असलेला एकच माणूस हाय गावात!"

पोरांनी जागा दिली. पालखी माझ्या खांद्यावर आली. गंजीच्या खिशातली पुडी छातीला टोचत होती. धोंडू टाळी वाजवत होता.

आणि मी नाचवली. त्याच्यासमोर, त्याच्या अंगणात. चांगली नाचवली.