तबेल्यात मावली ती लाल गाडी

उत्तनच्या किनाऱ्यावरून मी निघालो तो सुक्या बोंबलांच्या गोण्यांवर बसून. आमच्याच आळीतली होडी माल घेऊन मुंबईला चालली होती. गुडघाभर पाण्यात उभं राहून बाबांनी माझी पत्र्याची पेटी वर दिली आणि म्हणाले, "पास्कू सांगल तसा वाग, इनास. तो तुज्यापेक्षा शाना हाय." मुंबई मी तेव्हा पाहिली नव्हती, मोटारीला हात लावला नव्हता. हे वाक्य मात्र कळायला लागल्यापासून ऐकत आलो होतो.

पास्कू माझा चुलत भाऊ. दोन वर्षांनी मोठा, पोहण्यात पुढे, चर्चमध्ये गाण्यात पुढे, मुंबईला जाण्यातही पुढे. वसनजीसेठ म्हणून कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे तो ड्रायव्हर होता. त्यानंच मला तिथं चिकटवलं, गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं.

सेठना शर्यतीच्या गाड्यांचं वेड. साध्या मोटारी घरच्यांसाठी. शर्यतीच्या दोन मात्र त्यांच्या स्वतःच्या. एक हिरवी, लांब नाकाची, उतरत्या पाठीची. दुसरी लाल, आखूड, कापडी टपाची. हिरवी पास्कूकडे होती, लाल माझ्याकडे आली. सेठ स्वतः चालवायचे, आम्ही शेजारी बसायचो. ते दमले की स्टिअरिंग आमच्या हातात. रेसकोर्सला, पार्टीला, पाहुण्यांना मिरवायला निघायची ती हिरवी. लाल निघायची हिरवी वर्कशॉपला गेली की. पाहुणे बंगल्यातून बाहेर येऊन हिरवीच्या बॉनेटवरून हात फिरवायचे, आणि पास्कू बाजूला असा उभा राहायचा की जणू त्यानंच तिला जन्म दिलाय. मी लालची चाकं पुसत खाली मान घालून बसायचो. गॅरेजच्या वरच्या खोलीत आम्ही एकाच चुलीवरचं जेवायचो, आणि त्याच्या ताटात माशाचा मोठा तुकडा दिसला तरी माझा घास अडायचा. तुमच्यापैकी जे एकाच आळीतून एकाच शहरात गेले असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. परका पुढे गेला तर काही वाटत नाही. आपला गेला की आत काहीतरी करपतं.

मग लढाई आली. बॉम्ब पडणार म्हणून मुंबई रिकामी व्हायला लागली. सेठनी भाईंदरला खाडीकडचा एका मित्राचा बंगला घेतला, समोर मिठागरं पसरलेली. मला तर देव पावल्यासारखं झालं. मुर्धा आणि राई ही गावं ओलांडली की आमचं घर. रविवारी चालत जाता येईल!

पण त्या बंगल्याला गॅरेज नव्हतं. घोड्याचा एक जुना तबेला होता, त्यात गाडी मावली तर एक. बाहेर ठेवावी तर खारी हवा पत्रा खाऊन टाकणार. पेट्रोलही कूपनवर. सेठ दोन दिवस तबेल्याभोवती घुटमळले, मुलीचं लग्न ठरवतानाही माणूस इतका विचार करत नसेल. शेवटी आम्हा दोघांना अंगणात बोलावलं.

"एकच रहेगी," ते म्हणाले. "दुसरी काठेवाडच्या एका दरबारला, तिकडच्या छोट्या राजाला, देतो. ज्याची गाडी जाईल, तो पण साथमां जाईल. तेला गाडी ओळखणारा माणूस पाहिजे. बोल पास्कू, कौनसी रखूं?"

मला विचारलंसुद्धा नाही. माझं घर, माझ्या आईबापाजवळचं राहणं, सगळं त्याच्या जिभेवर.

पास्कूनं एकदा तबेल्याकडे पाहिलं. म्हणाला, "लाल ठेवा, सेठ."

महिन्याभरात हिरवी मालगाडीवर चढली आणि तिच्यासोबत तो गेला. त्या रविवारी मी घरी पोचलो. वाटलं, आता तरी घरात कौतुक माझ्या एकट्याचं. बाबा जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बगितलास? तुज्यासाठी पोरगा परमुलखात गेला. असा मन पायजे."

मी जिंकलो होतो आणि तरी हरलो होतो. पेट्रोल मिळेना म्हणून लाल गाडी विटांवर चढवली, तिची चाकं काढून ठेवली, आणि मी, मुंबईचा ड्रायव्हर, सेठच्या बागेला पाणी घालायला लागलो. आणि पास्कू? तो दरबारच्या रस्त्यांवर हिरवी पळवत असेल, पगडीवाले त्याला सलाम करत असतील. वर गावात त्यागी म्हणून नाव! माझ्याकडे घर राहिलं, पण ते त्यानं दिलेलं. रोजच्या भाकरीला त्याच्या उपकाराची चव लागायची.

लढाई संपली, सेठ मुंबईला परतले. मी त्यांची नोकरी सोडून माझगावात एका वर्कशॉपमध्ये लागलो, तिथंच खोली केली. शनिवारी निघून घरी जायचो, आजही जातो.

मागच्या नाताळला पास्कू उत्तनला आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. बायको काठेवाडची, मुलगा गुजरातीतच हट्ट करणारा. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांजवळ बसलो. मी धीर करून म्हटलं, "तवा तू माज्यासाठी गेलास. मी कदी बोललो न्हाय तुला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुज्यासाठी? अरे, हिरवीचा नाक बाहेर येत होता. तबेल्याचा दरवाजाच लागला नसता. मी दोरी लावून बगितला होता." मग खाली वाळूत बोट फिरवत म्हणाला, "मावली असती ना, तर मी हिरवीच सांगितली असती. तिकडं गेल्यावर पैला वरीस तुज्या नावानं जळत काढला. तू रविवारी आयच्या हातचा खातोयस, आन् मी बाजरीचा रोटला चावतोय."

मला आधी हसू आलं, मग रागानं डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं ज्या उपकारानं मी पोळलो, तो कोणी केलाच नव्हता.

दोन दिवसांनी तो परत निघाला. त्याची ट्रंक मी बैलगाडीत चढवली. माझी आई पदर तोंडाला लावून रडत होती. जाळ्याशिवाय कशाकडे न बघणारे बाबाही रस्त्यापर्यंत आले. गाडी वळली तरी कोणी घरात जाईना. मला पुन्हा तसंच झालं, तोच जुना जाळ. त्याच दुपारी मीही मुंबईला निघालो. आई चुलीजवळूनच म्हणाली, "येताना चांगला चहा आन, गेल्या वेळचा बेकार व्हता." बाबांनी तर मान पण वर केली नाही.

भाईंदरच्या वाटेवर बराच वेळ मी मनात धुमसत होतो. राईच्या पुढे कधीतरी ते निवलं. पास्कूसाठी सगळे रडले, कारण तो परत कधी दिसेल कोणालाच ठाऊक नाही. माझ्यासाठी कोणी उठलंसुद्धा नाही, कारण मी शनिवारी येणारच आहे. आता घर म्हणजे काय असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन: मी निघालो तरी जिथं कोणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही, ते माझं घर.