कुणी लिहिलं, ते सांगणार नाही

मला लिहायची सवय नाही. पण सुनेबद्दल कुणीतरी लिहावं असं वाटत होतं आणि मुलगा काही लिहिणार नाही, म्हणून मीच बसलो.

ती मोठ्या हॉस्पिटलच्या ऑफिसात आहे. तिथले डॉक्टर आणि प्रयोगशाळेतले संशोधक यांना ती दरवर्षी एक प्रश्नावली देते. झोप होते का, वरिष्ठ ऐकून घेतात का, नोकरी सोडावीशी वाटते का. तिथे तिला ‘चौकशी खातं’ म्हणतात. नाव लिहायचं नसतं, पण विभाग लिहायचा असे. आणि काही विभागांत माणसं दोनच. मग खरं कोण लिहिणार? सगळे ‘उत्तम’वर खूण करून मोकळे.

यंदा तिनं विभागाचा रकानाच काढून टाकला आणि कुणाचं नाव फुटणार नाही, असा शब्द दिला. मग एका कागदावर आलं, ‘नाइट ड्यूटी संपवून सकाळी पुन्हा ओपीडीत बसावं लागतं. हातून चूक होईल अशी भीती वाटते.’

प्रमुख डॉक्टरांनी तिला बोलावलं. “कोण हा? अक्षर ओळखता येईल ना?”

“येईल, सर. पण मी ओळखणार नाही.”

“नोकरी करायची आहे ना इथे?”

“करायची आहे. पण नाव सांगितलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा सगळं उत्तमच येईल.”

घरी येऊन ती गुमान भाजी निवडायला बसली. “बाबा, नोकरी जाणार बहुतेक.”

मी पंखा वाढवला.

“गेली तर गेली,” आमची ही म्हणाली. “शब्द दिलास ना? मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करू नकोस. भाजीत मीठ दोनदा पडेल.”

नोकरी गेली नाही. उलट काही दिवसांनी हॉस्पिटलच्या फलकावर प्रमुखांच्याच सहीची सूचना लागली: नाइट केलेल्या डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी ओपीडी नाही.

त्याच दुपारी प्रमुख स्वतः तिच्या टेबलाशी आले. दार लोटून म्हणाले, “मीही एक कागद भरला तर कळेल का कुणाला?”

“माझ्याकडून नाही, सर.”

“मग द्या इकडे.”

परीक्षेतल्या मुलासारखा हाताचा आडोसा करून ते बराच वेळ लिहीत होते म्हणे.

“काय लिहिलंन्?” हिनं विचारलं.

“नाही सांगणार, आई.”

“सासूलासुद्धा नाही?”

“सासूला तर नाहीच!”