आखूड कापलेल्या नखटिकल्या

ताईकडे दुपारी जायचं तर पंख्याशिवाय बसायची तयारी ठेवावी लागते. अंगाची लाही होत असली, पाहुणे आलेले असले, तरी जेवणाच्या टेबलावर प्लास्टिक पसरलेलं दिसलं की पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही. वाऱ्याने धूळ उडते, ती ओल्या रंगावर बसते, आणि मग ताईचं तोंड बघवत नाही. मी तिची सख्खी धाकटी बहीण, पण मला शिंक आली तरी ती आधी बाल्कनीचं दार दाखवते आणि मग रुमाल देते.

टेबलावर असतात नखटिकल्या. दुकानदार त्यांना नेल स्टिकर म्हणतात. ताईने मात्र दुकानातून कधी एकही आणलेली नाही. फाईलचं पारदर्शक कव्हर ती कापून टेबलावर चिकटवते, त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा हात मारते, तो वाळला की रंगाचा, आणि रंगावर दात कोरायच्या काडीने चित्र काढते. वर परत बिनरंगी हात. मग हे सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवायचं. घाई करून उचललं तर ते ताणलं जातं आणि चित्रातलं फूल पसरून वांग्यासारखं दिसतं. नीट वाळलं की चिमट्याने कड उचलायची, साल निघावी तसं ते अलगद निघतं. नखाच्या मापाने कापायचं, गुळगुळीत कागदावर लावून ठेवायचं. नखावर जरा बिनरंगी पॉलिश लावलं, टिकली ठेवली, मधून कडेला दाबत गेलं, की झालं.

तिची स्वतःची नखं मात्र कायम बोडकी. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, पुढे आरशांच्या खोलीत नाही, मागे. तिथे पाण्याची बारीक धार पडणारं एक फिरतं चाक आहे, त्यावर ती काचांच्या कडा घासून फ्रेममध्ये बसवते. त्या चाकापुढे रंग टिकत नाही. मला चाळिशी लागली तेव्हा माझा चष्मा तिनेच बसवला. बसवताना मला प्रवचनही दिलं. काच मोठी राहिली तर परत घासता येते, लहान झाली की ती गेली, म्हणून आधी मोठीच ठेवायची. मी चष्मा लावला आणि म्हटलं, "आता तुझ्या तोंडावरच्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात." त्यानंतर आठवडाभर अबोला होता.

ताईने लग्न केलं ते आम्ही सगळ्यांनी आशा सोडून दिल्यावर. भाऊजी पाण्याचे मीटर दुरुस्त करायचे. बायको जाऊन वर्ष झालेलं, घरात तेरा वर्षांची मुलगी. तिला सगळे खारू म्हणत. लहानपणी ती बिस्किटं खारीसारखी कडेकडेने कुरतडायची म्हणून तिच्या आईने ठेवलेलं नाव. आई गेली आणि खारू बिस्किटं सोडून नखं कुरतडायला लागली. ती कशी, तर बोटाचं मांस वर आणि नख खाली, कधीकधी रक्त यायचं. भाऊजींनी औषधाच्या दुकानातून कडू थेंब आणले. पोरीने ते थेंबही चाटून संपवले.

खारू वाईट नव्हती हो. भांडली नाही, आदळआपट नाही, ताट उष्टं टाकलं नाही. ताईला तीही माझं ऐकून ताईच म्हणायला लागली आणि मला मावशी. पण अंगाला हात लावू द्यायची नाही. वेणी स्वतःची स्वतः घालायची, वाकडी का असेना. आणि मागायची काही नाही. बूट चावत होते तर लंगडत शाळेत गेली, ताईला बोलली नाही. ताईला त्याचं इतकं लागलं की ती माझ्याकडे येऊन रडली. "तिने माझ्यावर ओरडावं गं," म्हणाली, "मला हे नको, ते आण, असं म्हणावं. काहीतरी मागावं." त्या वेळी तिला एवढंच हवं होतं, आणि पुढेही कित्येक वर्षं तेवढंच हवं राहिलं.

नखटिकल्यांची युक्ती त्यातूनच निघाली. पोरीच्या नखांवर काही रंगवावं, म्हणजे ती खायची थांबेल, असं ताईच्या मनात. पण रंगवायला हात बराच वेळ हातात धरावा लागतो, आणि खारूचा हात जरा धरला की सुटलाच. तेव्हा ताईने खारू शाळेत असताना प्लास्टिकवर रंगवायला सुरुवात केली. म्हणजे हात क्षणभर मिळाला तरी काम भागणार. कुरतडलेल्या नखाची जी काही आडवी, आखूड फट उरली होती तिच्यात फूल मावेना, पान मावेना. मग ताईला जे सुचायचं तेच सुचलं. तिने चष्मा काढला. दोन गोल, मध्ये पूल, बाजूला दोन काड्या. आडवं चित्र, आडव्या नखावर फिट्ट.

पहिली टिकली अंगठ्यावर लागली तेव्हा मी तिथेच होते. खारूने अंगठा डोळ्यांसमोर धरला, अंगठ्याने तिच्याकडे चष्म्यातून बघितलं, आणि ती पोरगी खुदकन हसली. त्या घरात मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. "नखाची टिकली," ती म्हणाली, आणि नाव पडलं ते पडलं. त्या रात्री बाकीच्या नऊ नखांचा तिने फडशा पाडला, पण अंगठा राहिला. चष्मेवाल्याला खायला बहुतेक तिचं मन धजलं नसावं. पुढे एकेक करत दहाही बोटांना चष्मे लागले. हात धरायचा वेळही वाढत गेला, आणि हात धरलेला असताना खारू बोलायची. शाळेत कोण काय म्हणालं, आई स्वप्नात येते का, असलं सगळं. खाली बघून बोलायची, आणि ताईही नखाकडेच बघत ऐकायची. एरवी दोघींना एकमेकींशी बोलायला जमायचं नाही.

नखं वाढली तसे चष्मे मागे पडले. लांब नखांवर वेली आल्या, पिसं आली. मग खारू शिकायला लांब गेली, तिथेच नोकरीला लागली. दोन विमानं बदलून जावं लागतं असं ते शहर. तिचा रविवारी फोन येतो. भाऊजींशी गोळ्या, गुडघे आणि हवा यांवर सविस्तर चर्चा होते. मग फोन ताईकडे.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"हो."

संपलं. फोन ठेवल्यावर ताई टेबल पुसते. पुसलेलं टेबल परत पुसते. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, तूच विचार ना तिला काहीतरी." तर म्हणाली, "हात हातात नसला की मला सुचत नाही." ती नखटिकल्या करतच राहिली, दुकानातल्या पोरींसाठी, माझ्या सुनेसाठी, समोरच्या घरातल्या नर्ससाठी. कुणाच्याही नखावर टिकली दाबताना ती तोंडावर हात फिरवावा तशी हळू दाबते. मला ते बघवत नाही, म्हणून मी चहा करायला उठते.

आणि मग गेल्या महिन्यात एका रविवारी, जेवलीस-हो-तू-हो झाल्यावर, फोन बंद झाला नाही. मी शेजारीच शेंगा सोलत बसले होते. फोनमधून खारूचा आवाज आला, "ताई, त्या चष्मेवाल्या नखटिकल्या आठवतात? करून पाठवशील?"

ताईने हो म्हटलं की नाही मला आठवत नाही. फोन ठेवला आणि ती सरळ जाऊन पंखा बंद करून आली. "मागितल्या," मला म्हणाली. मी म्हटलं, "ऐकलं मी, बहिरी नाही." मलाही गहिवरून आलं होतं, पण दोघी रडत बसलो असतो तर शेंगा कुणी सोलल्या असत्या?

तिने दुकानातून सुट्टी घेतली. तिने तोवर तापातसुद्धा सुट्टी घेतलेली नव्हती. लाल चष्मे, काळे चष्मे, एक सोनेरी कडेचा, एक जाड भिंगाचा, तो माझा म्हणे. वाळवले, सोलले, कापले, गुळगुळीत कागदावर ओळीने लावले, आणि पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घालून पार्सल रवाना केलं. एवढं सगळं एकदाही न चुकता.

चूक कळली ती पार्सल गेल्यावर. एक टिकली जास्तीची उरली होती, ती मी गंमत म्हणून माझ्या बोटावर ठेवली. रुंदीला बरोबर बसली, लांबीला मात्र अर्ध्या नखावरच संपली.

"ताई," मी म्हटलं, "ही एवढी आखूड का?"

तिने माझं बोट धरलं, बघितलं, आणि मटकन खुर्चीत बसली. चष्मा काढायचा म्हटल्यावर तिचा हात आपोआप जुन्या मापाला गेला होता, तेरा वर्षांच्या खारूच्या, खाल्लेल्या नखांच्या मापाला. काच आधी मोठी ठेवावी म्हणून मला प्रवचन देणारी ही बाई. टिकली मोठी झाली असती तर नखाच्या टोकाशी घासून टाकता आली असती. आखूड झालेलीला काही इलाज नाही.

"पहिल्यांदा काही मागितलं तिने," ती म्हणाली, "आणि मी ते चुकीचं पाठवलं."

मी तिला बरंच समजावलं. मग समजावून कंटाळले आणि ओरडले, "ती काय त्यावरून नातं तोडणार आहे? कर दुसऱ्या!" तिने केल्या. या वेळी ऐसपैस, लांब. चष्म्याच्या वर आणि खाली मोकळी जागा राहील अशा. त्या वाळत असतानाच खारूचा फोटो आला.

फोन भाऊजींच्या हातात होता. त्यांनी तो लांब धरून वाचून दाखवलं. "अगदी बरोबर बसल्या. ताई, तुला कसं कळलं?" मग मोठ्याने हसले. "घ्या! उगाच आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं." मीही फोटो बघितला. खरंच, दहाही चष्मे कडेला कड लावून बसलेले. माझा जाड भिंगाचा तर अंगठ्यावर मानाने विराजमान. मी म्हटलं, "बघ, तुझ्या हाताला जास्त कळतं तुझ्यापेक्षा."

ताई हसली नाही. तिने फोन घेतला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. एकेक नख बघितलं. बराच वेळ बघितलं. मी म्हटलं, "अगं, बसल्या ना!"

"बसल्या," ताई म्हणाली. "म्हणजे नखं नाहीत तिला."

मला कळायला जरा वेळ लागला. मग मी परत फोटो बघितला आणि टिकलीच्या वर फुगून आलेलं बोटाचं मांस मला दिसलं. ते मघाशीही तिथेच होतं. भाऊजींचं हसू तोंडावरच राहिलं. इतके रविवार ते तिच्याशी हवेबद्दल बोलत होते.

ताईने तिथूनच फोन लावला, टेबलापाशी उभी राहून. रविवार नव्हता. पलीकडे लगेच उचलला गेला, फोन हातातच घेऊन बसल्यासारखा. मला वाटलं, आता ही विचारेल काय झालं, कुणी काही बोललं का, नोकरी गेली का. मीही तेच विचारलं असतं, आणि खारूने मला "काही नाही मावशी" म्हणून वाटेला लावलं असतं.

ताई खाली टेबलाकडे बघत होती, वाळत घातलेल्या चष्म्यांकडे.

"आखूड अजून करते," ती म्हणाली. "लागतील तेवढ्या पाठवीन. तू लावत राहा."

तिने प्लास्टिकची सुटलेली कड टेबलावर परत दाबली.

"लांबही केल्या आहेत. त्या पाठवत नाही. नखं वाढली की लागतील, तोवर इथेच असू देत." मग म्हणाली, "फक्त फार दिवस राहिल्या की त्या कडक होतात, एवढंच."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग त्या एवढ्या मोठ्या झालेल्या, दोन विमानांपलीकडे राहणाऱ्या पोरीने विचारलं, "मग त्या घ्यायला मीच येऊ का?"

ताईला बोलता येईना. तिने मान हलवली. परत हलवली. पलीकडे खारूला वाटलं असणार की ही विचार करत्येय.

"येऊ का ताई?"

ताई नुसती मान हलवत होती. शेवटी मीच पुढे झाले आणि फोनजवळ तोंड नेऊन ओरडले, "अगं, ये म्हणत्येय ती! केव्हाची मान हलवत्येय!"